खंडीतली विसावी मेंढी

पहिल्या पाळीची बस बजाजनगरातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी थांबून निघून गेली, की बिरू आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीतून न उठता सांगायचे, आज कोण आलं नाही. नाव त्यांना एकाचंही ठाऊक नव्हतं. "निळ्या पिशवीचा नाय आला," म्हणायचे, किंवा "त्यो खांदा पाडून चालनारा दिसला नाय, घरात कुनी आजारी आसंल." आणि खरंच कुणीतरी आजारी निघायचं. साठ-सत्तर माणसं एकाच रंगाच्या कंपनीच्या शर्टात बसमध्ये चढतात, त्यातून आबा नेमका न आलेला माणूस हुडकून काढत. गल्लीतल्या बायका यावर हसत, आणि मग हळूच येऊन विचारतही, "आबा, आमचे बसनं गेले का हो, का चहाच्या गाड्यावरच ऱ्हायले?"

आबांची पन्नास वर्षं मेंढरांमागं गेली होती. दिवाळी झाली की डोंगर उतरायचा, गोदाकाठची रानं गाठायची, पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरायचं. सहा वर्षांपूर्वी गुडघे ऐकेनासे झाले. मुलगा अजिनाथ तोवर वाळूजच्या एका कारखान्यात कायम झाला होता. त्यानं बापाला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि मेंढरं एका दूरच्या पाहुण्याकडे टेम्पोनं गेली. तेव्हापासून आबांनी मेंढरांविषयी चकार शब्द काढला नव्हता. कुणी विषय काढलाच, तर ते एकदम चप्पल शोधायला लागत. चप्पल पायातच असायची.

नात प्रांजली कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. अभ्यासात बरी, पण वहीच्या समासात चित्रं काढण्यात फार पुढं. वर्गातल्या चौघांनी मिळून प्रोजेक्टसाठी व्हिडिओ गेम करायचं ठरवलं, तेव्हा चित्रांचं काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. गोष्ट मनस्विनीची, प्रोग्रॅम लिहिणं अमेयचं, आवाज सत्यमचे. मनस्विनीनं बीडच्या रस्त्यावर गाडीच्या काचेतून कधीतरी एक धनगर आणि त्याची मेंढरं पाहिली होती, तेवढ्यावर तिला गोष्ट सुचली: एका म्हाताऱ्या मेंढपाळानं वीस मेंढ्या घेऊन डोंगर, हमरस्ता, कारखान्यांची कुंपणं आणि लांडगे यांतून वाट काढत नदी गाठायची. सगळे उत्साहात बोलत होते. प्रांजली एवढंच म्हणाली, "मेंढपाळ मी काढते."

तिनं तो काढला आणि पोरं बघतच राहिली. सैल बांधलेला पटका, खांद्यावर घोंगडी, बाकदार नाक, चालताना किंचित उजवीकडे झुकणं. "कुठून आणलास गं हा माणूस?" मनस्विनीनं विचारलं. प्रांजलीनं सांगितलं नाही. लाज होती असं नाही. पण ज्या माणसानं स्वतः विषय बंद केलाय, त्याचा विषय आपण चारचौघांत उघडायचा कसा, हे तिला कळत नव्हतं.

मेंढी तिनं एकच काढली. गुबगुबीत, काळीभोर, सुबक. चालण्याची आठ चित्रं, ती भरभर एकापाठोपाठ दाखवली की मेंढी चालते. अमेयनं तीच मेंढी वीस ठिकाणी ठेवून दिली. या कामाची रीतच ती आहे. एक झाड काढायचं आणि त्याचं जंगल करायचं, एक शिपाई काढायचा आणि फौज उभी करायची. याला कुणी लबाडी म्हणत नाही, हुशारीच म्हणतात.

कॉलेजातल्या प्रोजेक्टांच्या प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असताना मनस्विनीनं गेम घरी चुलत भावंडांना खेळायला दिला. पोरं खूश. पण लांडग्यानं मेंढी नेली की ती टाळ्या पिटायची. एकानं तर मुद्दाम चार मेंढ्या लांडग्याच्या तोंडी दिल्या, बघू काय होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मनस्विनी कॉलेजात आली ती तोंड पाडूनच. "त्यांना वाईटच वाटत नाहीये," ती म्हणाली. "मग माझ्या गोष्टीत उरलं काय?"

अमेय म्हणाला, "लांडग्याचा आवाज मोठा करू."

त्या संध्याकाळी प्रांजलीनं लॅपटॉप आबांच्या मांडीवर ठेवला. का ठेवला, तिलाच नीट सांगता आलं नसतं. आपलं काम कुठंतरी अडलंय आणि ते ज्याला कळेल असा माणूस दारातच बसलाय, एवढं तिला जाणवत होतं. मेंढपाळ पडद्यावर आला. आबांनी चष्मा सारखा केला. चप्पल शोधली नाही.

"नाक माझं लावलंस व्हय ह्याला?" ते म्हणाले. आणि मग वाकून मेंढ्यांकडे बघायला लागले. त्यांचं बोट काचेवर एकीवरून दुसरीवर फिरत गेलं. "ही कोनती?"

"मेंढी आहे की आबा."

"मेंढी हाय ते दिसतंय गं. कोनती?"

प्रांजली पडद्याकडे वाकली.

"ही, ही, आन् ही बी. समदी एकच हाय. एकाच मेंढीला ईस बारी उभं केलंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मंग ह्यातली एक गेली तर ह्या गड्याला कळनार कसं, कोनती गेली?"

"वर आकडा दिसतो ना. वीसचे एकोणीस होतात."

"लांडगा काय आकडा नेतो व्हय?"

 मनस्विनीची भावंडं का टाळ्या पिटत होती, लांडग्याचा आवाज मोठा करून का भागणार नव्हतं, ते सगळं या एका प्रश्नात होतं. तिनं शहागंजाच्या बाजारातून आणलेली जाड पानांची वही काढली आणि आबांच्या पायाशी बसली.

आबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ईस म्हंजे एक खंडी. मेंढरं आमी खंडीवर मोजतो. माझ्या सहा खंड्या व्हत्या. तुला एक खंडी पायजे ना? घे लिहून. पन एक सांगतो, खंडी मोडकी नको. काढायची तर पुरी काढ."

"पुरी काढीन आबा. विसाच्या वीस."

हा शब्द तिनं सहज दिला. तेव्हा तो सोपा वाटला होता.

अमेयनं हिशेब मांडला. वीस मेंढ्या, प्रत्येकीची आठ चित्रं, म्हणजे एकशे साठ. दिवस जेमतेम सात. "येडी झालीस का तू?" तो म्हणाला. अमेय वाईट मुलगा नव्हता. बँकेत नोकरी करणाऱ्या आईबापांच्या घरात वाढलेला, वेळेवर झोपणारा आणि वेळेवर काम संपवणारा. अर्धवट गेम घेऊन लोकांसमोर उभं राहायची त्याला धास्ती वाटत होती. शेवटी दोघांत ठरलं: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जेवढ्या मेंढ्या होतील तेवढ्या नव्या. उरलेल्या जागी जुनीच मेंढी.

मग रोज सकाळी बस गेली की आबांची खुर्ची आणि प्रांजलीची वही. सहा वर्षं बंद असलेलं तोंड असं सुटलं की चहा निवून जायचा. भुरी होती, तिचे कान कायम पुढं, कुणीतरी हाक मारतंय असं तिला सारखं वाटायचं. बांडी, पोटाला पांढरा पट्टा, रानभर गवत असलं तरी दुसरीच्या तोंडातलंच ओढून खाणार. एकीचा अर्धा कान कुत्र्यानं नेलेला. एक मेंढा धूळ उडाली की शिंकायचा आणि शिंकल्यावर स्वतःच दचकायचा. दोन बहिणी अंगाला अंग लावून चालायच्या. "त्यास्नी येगळं काढू नको," आबांनी बजावलं, "वरडून जीव घ्यायच्या."

प्रांजलीनं युक्ती केली. अंग आणि पाय जुनेच ठेवले. कान, तोंड, पाठ, पट्टे आणि एकेक खोड नवी. बोटांना पेन धरून घट्टे पडले. एका सकाळी अजिनाथ तिसरी पाळी करून आला, तो हेल्मेट हातात धरून दारातच उभा राहिला. ऐकत. "बांडी आठवते मला," तो एकदम म्हणाला. "शाळंत जायची माझी चप्पल तिनं चावून ठिवली व्हती." आबा खो खो हसले. बाप आणि मुलगा त्या दिवशी तासभर बोलत बसले. प्रांजलीच्या आईनं आतून दोनदा जेवायला हाक मारली, मग तिसऱ्यांदा ताटंच बाहेर आणून ठेवली.

गुरुवारपर्यंत एकोणीस झाल्या.

"आता शेवटची," प्रांजली म्हणाली.

आबांनी गुडघे चोळले. "म्होरकी. समद्यांच्या पुढं चालायची."

"खूण काय तिची?"

"खूण नाय."

"रंग?"

"काळी. जशी मेंढी आसती तशी."

"कान, शिंगं, शेपूट, काहीतरी असंल की."

"काय बी नाय गं. साधी मेंढी. पन हजारात उभी केली तरी मी वळखीन." एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन पडले. सकाळचे साडेआठ वाजले होते. ते या वेळेला कधी पडत नसत.

गुरुवारभर प्रांजलीनं तोंडं काढली. निमुळतं काढलं, रुंद काढलं, डोळे मोठे केले. प्रत्येक वेळी आबा मान हलवत. "ही दुसऱ्याची हाय." "ही शेळीवानी दिसती." शुक्रवारी सकाळी तिनं आणखी पाच काढली. अकरा वाजता अमेयचा फोन आला, साडेअकराला पुन्हा आला. आणि मग तिच्या मनात एक विचार आला, जो त्या क्षणी अगदी बिनतोड वाटला: खूण नसलेली, साधी, काळी मेंढी म्हणजे आपली पहिलीच मेंढी की. तीच तर आहे. तिनं जुनी मेंढी कळपाच्या पुढं ठेवली आणि बाराला पाच मिनिटं असताना सगळं पाठवून दिलं. आबांना यातलं काही सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

शनिवारी अजिनाथनं सुट्टी टाकून आबांना मोटारसायकलवरून कॉलेजात आणलं. आबांनी धुतलेला पटका बांधला होता. हॉल गच्च भरलेला. चौघांच्या टेबलाशी दहाएक वर्षांची कुणाची तरी मुलगी खेळत होती, आणि लांडगा आला. "अय्यो!" ती ओरडली. "ती दुसऱ्याचं खाणारी नेली! तीच कशाला नेली?" तिनं गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि या वेळी बांडीला सांभाळत, रडवेल्या तोंडानं पुढं निघाली. मनस्विनीनं टेबलाखाली प्रांजलीचा हात इतक्या जोरात दाबला की बोटं दुखली.

गर्दी सरल्यावर आबा पुढं झाले. अमेयनं खुर्ची दिली. "आबा, बघा बरं," तो म्हणाला. पडद्यावरच्या मेंढपाळाचं नाक आणि समोरचं नाक त्यानं दोनदा पडताळून बघितलं. आबांचं बोट काचेवर कळपाच्या मागच्या टोकापासून निघालं. ओठ हलत होते. भुरी. अर्ध्या कानाची. शिंकणारा मेंढा, तो शिंकला तेव्हा आबा गालात हसले. दोघी बहिणी. बांडी. बोट पुढं पुढं सरकत गेलं आणि सगळ्यांत पुढच्या मेंढीवर थांबलं.

प्रांजली एक पाऊल मागं सरली.

बोट तिथंच राहिलं. मग आबांनी ते अलगद उचललं.

"सगळ्या बरोबर आहेत ना आबा?" अमेयनं विचारलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

आबांनी प्रांजलीकडे पाहिलं. एकदाच. "हायत," ते म्हणाले. "खंडी पुरी हाय. लई कष्ट केले पोरीनं." आणि पटका सावरत उठले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कोकरू विकताना कुणी त्याचं वय विचारलं, तर गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण खरं सांगायचं, असा हा माणूस. मेंढरं होती तोवर अजिनाथ त्यांना यावरून चिडवायचा. त्या माणसानं मेंढीविषयी खोटं बोलावं, आणि तेही नातीची अब्रू राखायला! प्रांजलीला त्या हॉलमध्ये धड उभं राहवेना. बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं, तेव्हा बाकीचे तिघं हळहळले. तिला ते ऐकूही आलं नाही.

रविवारी बस नव्हती. तरी आबा खुर्चीत होते, रिकाम्या रस्त्याकडे बघत. प्रांजली पायरीवर येऊन बसली.

"तुम्हाला कळलं ना, आबा?"

"कळलं."

"मी फसवलं तुम्हाला. शब्द दिला होता पुरी काढीन म्हणून."

"त्या पोरांच्या म्होरं कशाला बोलायचं ते," आबा म्हणाले. "आन् फशीवलं कशाला म्हनायचं? मीच तुला नीट सांगितलं नाय. तोंडातनं निघंना."

 आबांनी खुर्ची थोडी तिच्याकडे वळवली.

"खूण नाय म्हनलं ना मी. हाय खूण. बाकीची मेंढरं गवताकडं बघत्यात, न्हाय तर पुढच्या मेंढीच्या ढुंगनाकडं. ही माझ्याकडं बघायची. समद्यांच्या पुढं चालायची, आन् मी मागं. चालता चालता माझी काठी वाजायची थांबली, गुडघा धरून मी बसलो, की हिला तिकडं कळायचं. थांबायची. मान वळवायची. आन् आशी बघायची की मानसाला वाटावं, आपली वाट बघायलंय कुनीतरी. मी 'आलो गं, आलो' म्हनलं की मंग निघायची. आठ वर्सं."

एक रिक्षा गेली. आबा ती जाईपर्यंत थांबले.

"शेवटचा टेम्पो आला त्या दिशी समदी चढली. ही चढंना. अजिनाथ म्हनला, ऱ्हाऊ द्या हिला. पन एकटं मेंढरू ऱ्हातं व्हय कुठं? दोन खोल्यांत कुठं बांधू? मीच उचलून घातली. टेम्पो निघाला. तवा बी मान वळवून बघितलं तिनं." त्यांनी पटक्याच्या शेवानं नाक पुसलं. "तवा काय म्हननार व्हतो मी?"

प्रांजलीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली. आबांनी तिला रडू दिलं. नंतर म्हणाले, "ऊठ. तुझ्या आईला वाटंल मी मारलं."

ती उठली आणि कामाला बसली. या वेळी तिनं मेंढीचं तोंड बदललं नाही, कान बदलले नाहीत, काही जोडलं नाही. त्यांच्या गेममध्ये सगळं एका बाजूनं दिसायचं. मेंढपाळ, मेंढ्या, लांडगा, सगळे एका दिशेला तोंड करून. तिनं त्या साध्या काळ्या मेंढीची फक्त चार चित्रं नवी काढली: मान उचलणं, मान वळणं, आणखी वळणं, आणि सरळ समोर बघणं. चौथ्या चित्राला तिचा दिवस गेला. ते आबांना तुकड्यातुकड्यानं दाखवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

सोमवारी कॉलेजात अमेय वैतागला. "प्रदर्शन संपलं, मार्क मिळाले, आता कशाला? आणि सगळे बाजूनं दिसतात, ही एकटीच समोर बघणार?"

"ही एकटीच."

"कधी बघणार?"

"खेळणारा थांबला की."

तिनं त्याला आबांची गोष्ट सांगितली नाही. एवढंच सांगितलं, की नाक ज्याचं आहे, ही मेंढी त्याची आहे. अमेयनं तिच्याकडे पाहिलं, लॅपटॉप ओढला आणि लिहायला लागला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: काम झालंय, पण मला नदीपर्यंत पोचायला दुप्पट वेळ लागतोय, मी सारखा थांबतोय.

मंगळवारी सकाळी बस आली आणि गेली. "निळ्या पिशवीचा आला आज," आबा म्हणाले. प्रांजलीनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कुठलं बटण दाबलं की माणूस चालतो, ते दाखवलं. आबांनी जाड बोट त्या बटणावर ठेवलं. पटकेवाला म्हातारा चालू लागला, पुढं खंडीभर मेंढरं. धूळ उडाली, मेंढा शिंकला. डोंगर उतरून ते सपाटीला लागले आणि आबांचं बोट दुखलं म्हणून किंवा कशानं, बटणावरून सुटलं.

पडद्यावरचा म्हातारा थांबला. मेंढ्यांनी माना गवतात घातल्या. सगळ्यांत पुढची काळी मेंढी दोन पावलं गेली, थांबली. तिनं मान उचलली, वळवली, आणि काचेतून सरळ बाहेर बघितलं.

प्रांजली आबांकडे बघायला धजली नाही. ती पायरीवरच्या सिमेंटकडे बघत राहिली.  मेंढी बघत होती.

"आलो गं," आबा म्हणाले. "आलो, आलो." आणि त्यांनी बटण दाबलं.